येरळेच्या वाळूतले पिवळे कण आणि 'गोल्ड रश'

राम राम. विचारणाऱ्याचा प्रश्न असा आहे: सातारा-सांगलीतल्या येरळा नदीच्या पात्रातल्या वाळूत पिवळे चमकणारे कण दिसले, मोबाइलवर कॅलिफोर्नियाच्या 'गोल्ड रश'चे व्हिडिओ बघितले आणि सोनं धुवायचं प्लास्टिकचं पॅनही मागवलं. आता गोल्ड रश म्हणजे नेमकं काय, आपल्याकडं तसं होऊ शकतं का, आणि हे कण सोन्याचे आहेत का?

हे तीन प्रश्न दिसतात, पण मुद्दा एकच आहे. सोनं कुठल्या अवस्थेत पडलेलं असलं म्हणजे साध्या माणसाच्या हाताला लागतं? हे कळलं की गोल्ड रशचा अर्थही कळतो आणि येरळेचं उत्तरही मिळतं. माझा धंदा सांगली जिल्ह्यातल्या विट्याचा, गलाईचा. म्हणजे लोकांनी मोडीत घातलेलं सोनं आटवायचं, त्याचा टंच (ते किती शुद्ध आहे ते) काढायचा, ते शुद्ध करायचं. खाणकाम हा माझा प्रांत नाही, पण समोर आलेला कण सोन्याचा आहे का आणि त्यात सोनं किती आहे, हे ठरवणं रोजचं काम आहे. त्या बाजूनंच सांगतो.

तुमचे कण सोन्याचे असण्याची शक्यता जवळजवळ नाही. 'जवळजवळ' म्हणायचं कारण एवढंच, की वाळू खरोखर येरळेचीच आहे की कुणी बांधकामासाठी बाहेरून आणून टाकलेली, यावर थोडा फरक पडतो. ते पुढं येईलच.

आधी गोल्ड रश. २४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियात कोलोमा इथं जॉन सटर या जमीनदाराची लाकूड कापायची गिरणी बांधली जात होती. गिरणीचं पाणी बाहेर जायच्या पाटात जेम्स मार्शल या सुताराला पिवळे कण दिसले. त्यानं पहिली परीक्षा केली ती दोन दगडांत ठेचून. कण फुटला नाही, चपटा झाला. मग सटरनं शोऱ्याचं तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, लावून बघितलं. आजही आमच्या दुकानात परीक्षेचा क्रम हाच आहे, फक्त अवजारं बदलली. बातमी दाबून ठेवायचा प्रयत्न झाला, पण ती फुटली. डिसेंबर १८४८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष पोल्क यांनीच तिला दुजोरा दिला आणि १८४९ मध्ये जगभरातून लोंढे सुरू झाले. १८५५ पर्यंत साधारण तीन लाख माणसं तिकडं पोचली होती.

हे लोंढे सोन्याच्या भावामुळं निघालेले नव्हते. दोन गोष्टी एकत्र जुळून आल्या होत्या. एक, सोनं खडकात अडकलेलं नव्हतं. ते नदीच्या गोट्या-वाळूत सुटं पडलेलं होतं, फावडं आणि परात एवढ्या भांडवलावर मिळत होतं. दुसरं, ते उचलायला अडवणारं कुणी नव्हतं. कॅलिफोर्निया नुकतंच मेक्सिकोकडून अमेरिकेकडं आलं होतं, जमीन बहुतेक सरकारी होती आणि खाणीचा कायदा तिथं पोचलेलाच नव्हता. जो आधी खुंट्या रोवेल त्याची जागा. यातली एक गोष्ट जरी नसती, तरी सोनं निघालं असतं, पण गोल्ड रश झाला नसता.

तिसरी गोष्ट प्रत्येक ठिकाणी आपोआप होते: बातमी ऐकून निघालेला माणूस उशिरा पोचतो. कॅनडातल्या क्लोंडाइकचं उदाहरण बघा. सोनं सापडलं ऑगस्ट १८९६ मध्ये. सोनं घेतलेली माणसं जहाजानं सिॲटलला उतरली जुलै १८९७ मध्ये. त्यानंतर साधारण एक लाख लोक निघाले. प्रत्येकानं वर्षभराची शिधासामग्री सोबत आणली असेल तरच कॅनडाचे पोलीस हद्दीत घेत होते, आणि हे ओझं माणशी टनभर व्हायचं. क्लोंडाइकमधल्या डॉसन गावापर्यंत पोचले तीस-चाळीस हजार, तेही बहुतेक १८९८ मध्ये. तोवर कामाचे सगळे ओढे आधीच तिथं असलेल्यांनी वाटून घेतलेले होते.

वरवरचं सोनं संपलं की माणसांची जागा कंपन्या घेतात. कॅलिफोर्नियात १८५३ पासून पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी अख्खे डोंगर धुवायला सुरुवात झाली. खालच्या शेतांत इतका गाळ साचला, की १८८४ मध्ये कोर्टानं तो प्रकार थांबवला. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडला १८८६ मध्ये सोनं सापडलं, तेव्हा धावले सगळेच, पण ते सोनं कठीण खडकात बारीक विखुरलेलं होतं. तिथं यंत्रं आणि पुढं सायनाइडची पद्धत असल्याशिवाय काही निघण्यासारखं नव्हतं. म्हणून तिथला एकटा खणणारा लवकरच मजूर झाला.

आता येरळा. आपल्याकडचं सोनं मुळात तयार झालं ते फार जुन्या खडकांतल्या गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरांमध्ये. आपल्याला जवळची उदाहरणं कर्नाटकातली: रायचूर जिल्ह्यातलं हट्टी, गदगचा पट्टा, कोलार. हे खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. असा खडक झिजतो, गार फुटते, सोनं सुटं होतं आणि ओढ्यानं वाहत नदीत येतं. तेव्हा नदीत सोनं असायला तिच्या वरच्या अंगाला असा खडक उघडा पडलेला असावा लागतो. झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी लोक आजही वाळू धुऊन थोडंथोडं सोनं काढतात, कारण तिच्या वाटेत असे खडक आहेत.

आपले सातारा आणि सांगली हे जिल्हे जवळजवळ सगळे काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसलेले आहेत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा आहे, थरावर थर. त्यात सोन्याच्या शिरा नसतात. जुना खडक त्याखाली आहे, पण किती खाली? कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी तिथं खोल विंधन विवरं घेतली गेली, त्यांत शेकडो मीटर बेसाल्ट भेदल्यावर ग्रॅनाइट लागला. येरळा उगम पावते खटाव तालुक्यात आणि कृष्णेला मिळेपर्यंत बेसाल्टच झिजवत येते. कृष्णा खाली कर्नाटकात हट्टीच्या पट्ट्याजवळून जाते हे खरं, पण नदी वर वाहत नाही. महाराष्ट्रात सोन्याचे थोडेफार साठे नोंदले गेलेत ते विदर्भात, नागपूर-भंडारा भागातल्या जुन्या खडकांत.

मग चमकतं काय? बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गार यांचे स्फटिक भरलेले असतात. त्यांच्यावर लोखंडाच्या गंजाचा पिवळा थर बसला की उन्हात कण सोन्यासारखा दिसतो. स्टिल्बाइट नावाच्या झिओलाइटला तर मुळातच मोतिया चकाकी असते. कधीमधी माक्षिक म्हणजे पायराइट सापडतो. अभ्रक मात्र बेसाल्टमध्ये फारसं नसतं. त्यामुळं तुमच्या वाळूत सोनेरी पापुद्रे भरपूर असतील, तर ती वाळू बाहेरून आलेली असण्याची शक्यता जास्त. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: पितळ. देवळाजवळच्या, घाटाजवळच्या पात्रात पितळेचे तुकडे, पूजेच्या सामानाचे अवशेष, लेथवरचा कीस असलं काहीबाही असतं.

आता घरी करायची परीक्षा, याच क्रमानं. वाळू वाळवा, पांढऱ्या ताटलीत पातळ पसरा, ओल्या काडीच्या टोकानं पिवळे कण उचलून कागदावर घ्या. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सराफाकडं असतं तसं.

पहिलं, कण सावलीत न्या. सोनं उन्हात आणि सावलीत सारखंच पिवळं दिसतं. कुठूनही बघा, रंग तोच. अभ्रक किंवा स्फटिक एका कोनात लखलखतो आणि कागद फिरवला की विझतो. बहुतेक सगळे कण इथंच बाद होतात.

दुसरं, भिंगाखाली सुईनं दाबा. सोनं मऊ असतं, टोकाचा खड्डा पडतो आणि कण जागेवर राहतो. पायराइट सुईला दाद देत नाही, जोर दिला तर टुणकन उडतो किंवा फुटतो. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात.

तिसरं, ठेचणं. कण ऐरणीवर किंवा जाड लोखंडी पट्टीवर ठेवून लहान हातोडीनं हळू मारा. उघडा मारला तर उडून जाईल आणि तुम्हाला वाटेल भुगा झाला, म्हणून जाड कागदाच्या घडीत ठेवा. सोन्याचा पत्रा होतो. भुकटी झाली तर विषय संपला.

चौथं, कस. फरशीच्या टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि कण लोखंडी सळीच्या टोकानं दाबून ओढा. पायराइटची रेघ हिरवट काळी येते. सोन्याची पिवळी. पण इथं फसगत होते, कारण पितळेची रेघही पिवळीच येते आणि पितळ ठेचल्यावर चपटंही होतं. म्हणजे पहिल्या चारही परीक्षांतून पितळ पास होऊ शकतं.

म्हणून पाचवी परीक्षा तेजाबाची, आणि ती सराफाकडं किंवा गलाईवाल्याकडं करून घ्या. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून तिच्यावर शोऱ्याच्या तेजाबाचा थेंब ठेवतात. पितळेची रेघ हिरवट फेस होऊन निघून जाते, सोन्याची राहते. टंच काढायच्या एक्स-रे मशीनवर एकच बारीक कण ठेवून काही कळत नाही, कारण मशीन ज्या ठिपक्याएवढी जागा वाचतं त्याहून कण लहान असतो आणि आजूबाजूचंही वाचलं जातं. शिवाय ते फक्त वरचा थर वाचतं.

काय करू नये, ते यापेक्षा महत्त्वाचं. व्हिडिओत पारा टाकून सोनं 'पकडतात' ते करू नका. पारा सोन्याला चिकटतो हे खरं, पण सोनं सोडवायला तो तापवून उडवावा लागतो आणि ती वाफ छातीत जाते. तिला वासही नसतो. कॅलिफोर्नियाच्या नद्यांच्या गाळात त्या काळातला पारा आजही आहे. दुसरं, पिवळे कण गॅसवर तापवू नका. पायराइट असेल तर गंधकाचा धूर निघतो आणि त्याच्या जातीच्या काही खनिजांतून सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचाही. तिसरं, वाळूवर थेट आम्लराज ओतू नका. तीन भाग मिठाचं तेजाब (हायड्रोक्लोरिक आम्ल) आणि एक भाग शोऱ्याचं, यात सोनं विरघळतं, पण बेसाल्टच्या वाळूत लोखंड इतकं असतं की तेजाब त्यातच खपून जातं. पुढं सोनं असलंच तर ते चार लिटर पिवळ्या पाण्यात हरवतं. तांबडे धूर घरभर होतात ते वेगळंच.

गलाईतसुद्धा सराफाच्या दुकानातली झाडण, म्हणजे झाडून गोळा केलेला केर, कधी थेट तेजाबात जात नाही. आधी ती जाळून कागद-केस-मेण घालवायचं, कुटून चाळायचं, लोहचुंबक फिरवून लोखंड काढायचं, मग पाण्यात धुऊन हलकी माती घालवायची. उरलेला जड भाग सवागी (टाकणखार) घालून मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, आटवायचा. हाताला लागलेल्या धातूतल्या एक भाग सोन्याला चांदी तीन भाग होईल इतकी घालायची आणि मगच शोऱ्याचं तेजाब. चांदी विरघळते, खाली सोनं तपकिरी भुकटी होऊन बसतं. चांदी कमी पडली तर तेजाब आतपर्यंत पोचतच नाही आणि टंच कमी येतो. झाडण धुऊन सोनं काढणाऱ्यांना आपल्याकडं झारेकरी म्हणतात. तुम्ही मागवलेल्या पॅनचं काम ते पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत.

थोडं गणितही करू. सोन्याचा एक मिलिमीटर लांब-रुंद आणि दशांश मिलिमीटर जाड पापुद्रा घेतला तर वजन भरतं साधारण दोन मिलिग्रॅम. म्हणजे ग्रॅमला पाचशे पापुद्रे. समजा एखाद्या नदीत टनाला एक ग्रॅम सोनं आहे (आपल्या नदीत नाही, पण समजा), तर पाच किलोच्या पॅननं दोनशे पॅन धुवावे लागतील, आणि तेही एक कण न सांडता. मुरलेला माणूस दिवसभर पाण्यात उभा राहून पन्नासेक पॅन धुतो. चार दिवसांना एक ग्रॅम. त्यात नदीतलं सोनं शंभर नंबरी नसतं, चांदी मिसळलेलीच असते. कॅलिफोर्नियातलं साधारण पंच्याऐंशी ते नव्वद टक्के भरायचं.

आता शब्दाच्या वापराबद्दल, कारण गोल्ड रश म्हणजे नेमकं काय हे तुम्ही विचारलंय. पाडव्याला सराफ कट्ट्यावर गर्दी झाली की पेपरात 'गोल्ड रश' असा मथळा येतो. माझ्या मते तो चुकीचा आहे. तिथं लोक पैसे देऊन सोनं विकत घेतात, ती खरेदीची झुंबड झाली. सोन्याचा भाव चढला म्हणूनही गोल्ड रश होत नाही. उलट महामार्ग जाहीर झाला की अलीकडं-पलीकडं जमिनी घ्यायला उडणारी धांदल, किंवा नव्या क्षेत्रात नियम यायच्या आधी सगळ्यांनी घुसणं, याला सोनं नसतानाही गोल्ड रश म्हटलेलं चालतं. थोड्या पैशात शिरता येणं, आधी येणाऱ्याला जागा आणि उशिरा येणाऱ्याच्या हाती माती, या खुणा जुळल्या पाहिजेत.

विट्याकडच्या गलाईलाही कुणीकुणी आमचा गोल्ड रश म्हणतात. खानापूर, आटपाडी, तिकडं खटाव-माण इथली माणसं दुष्काळामुळं बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ बाजारांत बसली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो गोल्ड रश नव्हे. मामानं भाच्याला नेलं, भाच्यानं दुकानात भट्टी फुंकत काम शिकून घेतलं, मग शेजारच्या शहरात दुसरी मूस मांडली. उघड्यावर पडलेलं सोनं उचलायला कुणी गेलं नव्हतं, आणि उशिरा गेलेल्यालाही काम मिळत राहिलं.

भारतात त्यातल्या त्यात गोल्ड रश म्हणण्यासारखं झालं ते वायनाड-निलगिरीत, १८८० च्या आसपास, आणि तेही फावड्यांचं कमी, शेअर्सचं जास्त. ऑस्ट्रेलियातून आलेल्या ब्रॉ स्मिथ या तज्ज्ञानं भरघोस अहवाल दिला, त्यावर लंडनमध्ये भराभर कंपन्या निघाल्या, पंडलूर-देवाला भागात यंत्रं आली. वरच्या झिजलेल्या खडकातल्या निवडक नमुन्यांचा टंच चांगला होता. खोलवरच्या खडकातून निघालेल्या सोन्यात खर्चही भागेना आणि दोन-तीन वर्षांत सगळं कोसळलं. कोलार याच काळातलं, १८८० पासून जॉन टेलर कंपनीनं चालवलेलं, पण तिथं खोल शिर खरी होती. ती खाण तीन किलोमीटरच्याही खाली गेली आणि २००१ मध्ये बंद झाली.

वायनाडचा धडा आजही बाजारात कामाला येतो. 'नदीत सापडलेलं सोनं' म्हणून स्वस्तात रवे विकणारे येतात. परीक्षेला देतात तो रवा खरा असतो, बाकीचं पितळ. म्हणून नमुना विकणाऱ्याच्या हातून घ्यायचाच नाही. पिशवीत हात घालून तळातला आपण निवडायचा, आरपार कापायचा आणि समोर आटवायचा. याला जो नकार देतो त्याच्याशी बोलणं तिथंच थांबवायचं.

कायद्याचं थोडक्यात: पात्रातली वाळू परवान्याशिवाय काढता येत नाही, हे तुम्हाला तलाठ्यानंही सांगितलं असेल. सोनं तर मोठं खनिज आहे आणि त्यावर १९५७ चा खाण व खनिज कायदा लागतो. जमीन तुमची असली तरी खणायचा हक्क आपोआप मिळत नाही. पाचही परीक्षांतून एखादा कण खरंच पास झाला, तर जागा नेमकी लिहून ठेवा, वाळू किती धुतली आणि कण किती निघाले तेही लिहा, आणि कलेक्टर कचेरीतल्या जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याला दाखवा.

पॅन आलंच आहे तर वापरायचं कसं तेही सांगतो, घरीच. टपात पाणी घ्या. पॅनमध्ये चाळलेली वाळू दोन तृतीयांशापर्यंत भरा आणि तिच्यात शिशाचे बारीक दहा छर्रे हातोडीनं चपटे करून मोजून मिसळा. शिसं सोन्यापेक्षा हलकं, पण वाळूपेक्षा चौपट जड, म्हणून सरावाला चांगलं. पॅन पाण्याखाली ठेवून आधी नुसतं डावं-उजवं जोरात हलवा, म्हणजे जड ते तळाला जातं. मगच पुढं कलतं करून वरची वाळू थोडीथोडी वाहू द्या, आणि दर पाच-सहा झोक्यांनी पुन्हा सपाट धरून हलवा. नवखा माणूस हे मधलं हलवणं विसरतो आणि सोनं वाळूबरोबर जातं. शेवटी तळाला काळी वाळू राहील. ती मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट, बेसाल्टमधलीच, आपल्याकडं मुबलक. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पॅन वाळल्यावर फिरवा, मॅग्नेटाइट उचललं जाईल. मग छर्रे मोजा. दहापैकी नऊ परत मिळेपर्यंत तुमच्या हाताला पॅन बसलेलं नाही, आणि तोवर 'या वाळूत सोनं नाही' किंवा 'आहे' यातलं काहीच तुम्हाला त्या पॅनवरून म्हणता येणार नाही. टपातली वाळू शिशासकट नदीत टाकू नका, आणि हात साबणानं धुवा.